सायकोसिसच्या उंबरठ्यावर असलेल्यांशी जुन्या आघाताबद्दल बोलावं का?

समजा, पुण्यात शिकायला आलेला एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आहे. गेले काही महिने हॉस्टेलच्या जिन्यावर कुणीतरी आपल्या नावाने हाक मारतंय, असं त्याला वाटतं. वळून पाहिलं तर कुणी नसतं. मेसमध्ये शेजारच्या टेबलावर चार पोरं हसली की ती आपल्यालाच हसली असं वाटून तो ताट अर्धं टाकून उठतो. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच पटतं, की तसं काही नसणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झोप मोडलीय, दोन विषय राहिलेत, मित्रांचे फोन उचलणं बंद झालंय. घरच्यांनी विचारलं की ‘काही नाही, परीक्षेचं टेन्शन’ म्हणतो. एक गोष्ट मात्र त्याने आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सहावी-सातवीत असताना तो एका नातेवाइकाकडे राहायला होता, तेव्हा तिथे रात्री त्याच्यासोबत जे घडायचं, ते.

हा मुलगा मी समजावण्यापुरता उभा केलाय. पण अशा मुलामुलींबद्दलचा एक प्रश्न मानसोपचारात बरीच वर्षं अडकून पडला आहे. याला अजून सायकोसिस झालेला नाही, होण्याची शक्यता मात्र आहे. मग त्याच्या त्या जुन्या आघातावर आत्ताच उपचार करावेत, की त्या आठवणींना हात लावला तर नेमकं टाळायचं तेच ओढवेल?

माझं म्हणणं आधीच सांगते. विचारायला हवं. आणि ज्याला त्या आठवणी छळतायत, त्याला ‘तुला आवाज ऐकू येतात, म्हणून तुझ्यावर हे उपचार नाही करता येणार’ असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे. असं का म्हणते, ते सविस्तर बघू.

उंबरठा म्हणजे नेमकं काय

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही. वास्तवाशी असलेला माणसाचा धागा सुटतो, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं, हे भास. कुणीतरी आपल्या मागावर आहे, टीव्हीवरची बातमी आपल्यासाठीच आहे, असं ठाम वाटतं आणि कितीही समजावलं तरी हलत नाही, हा भ्रम. विचारांची गाडी रुळावर राहत नाही, बोलणं तुटक होतं. स्किझोफ्रेनियात हे होतं, बायपोलरमध्ये होऊ शकतं, फार तीव्र नैराश्यात आणि गांजासारख्या नशेनंतरही होऊ शकतं. बहुतेकांना पहिला झटका सोळा-सतरा ते तिशीच्या आत येतो.

पण तो अचानक येतोच असं नाही. मागे वळून विचारलं की घरचे सांगतात, ‘वर्ष-दीड वर्ष तो बदलत चालला होता.’ हा आधीचा काळ मागे वळून नाही, तर चालू असतानाच ओळखता येईल का, असा विचार करून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 1994 मध्ये पेस नावाचं क्लिनिक सुरू झालं. पॅट्रिक मॅकगोरी आणि अ‍ॅलिसन युंग ही त्यामागची ठळक नावं. त्यांनी धोक्याचा टप्पा ओळखण्याची तीन गमकं ठरवली, आणि थोड्याफार फरकाने जगभर आजही तीच वापरतात. पहिलं, सायकोसिसची सौम्य, अर्धवट लक्षणं: हाक ऐकू येते पण माणूस स्वतःलाच विचारतो की खरंच आली का? दुसरं, खरीखुरी लक्षणं, पण आठवड्याच्या आत आपोआप गेलेली. तिसरं, सख्ख्या नात्यात कुणाला सायकोसिस आणि शिवाय या माणसाचं रोजचं जगणं, अभ्यास, काम अलीकडे स्पष्ट घसरलेलं.

यातल्या किती जणांना पुढे सायकोसिस होतो? अनेक अभ्यास एकत्र करून 2021 मध्ये काढलेला आकडा असा, की तीन वर्षांत साधारण 25 टक्के. म्हणजे चारातल्या तिघांना त्या काळात होत नाही. हा आकडा घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावा, कारण ‘धोका’ हा शब्द ऐकला की निकालच लागल्यासारखं वाटतं. त्या तिघांचं सगळं छान चाललेलं असतं, असंही नाही. बऱ्याच जणांना नैराश्य असतं, चिंता असते, नशेची सवय असते आणि जुन्या आघाताचे घाव असतात. मदत त्यांनाही लागतेच.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष जपायला हवी. जत्रेत अंगात येणं, गेलेल्या आजीचा आवाज तिच्या खोलीत ऐकू आल्यासारखं वाटणं, कुलदैवताने स्वप्नात येऊन काही सांगणं, हे सगळं सायकोसिसच्या खात्यात टाकायचं नसतं. जाणकार डॉक्टर पाहतात, की हे त्या माणसाच्या समाजात मान्य आहे का, ठरावीक वेळेपुरतं येऊन जातं का, त्यानंतर तो पुन्हा आपल्या कामाला लागतो का, आणि त्याला त्याचा त्रास होतो का. हॉस्टेलमधल्या मुलाला त्रास होतोय, आणि त्याचं जग दिवसेंदिवस आकसत चाललंय. फरक तिथे आहे.

आघाताचा इथे काय संबंध

बराच काळ असं मानलं जायचं, की स्किझोफ्रेनियासारखे आजार म्हणजे मेंदूतली रसायनं आणि रक्तातून आलेला वारसा, एवढंच. वारसा असतोच, त्याबद्दल दुमत नाही. पण 2012 मध्ये फिलिपो वारेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की बालपणी लैंगिक अत्याचार, मारहाण, मानसिक छळ, हेळसांड, शाळेतली दादागिरी यांतलं काही वाट्याला आलेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता इतरांच्या जवळपास 2.8 पट निघते. उंबरठ्यावरच्या तरुणांचं चित्र तर त्याहून बोलकं आहे. 2015 च्या एका एकत्रित आढाव्यात त्यांच्यातल्या सुमारे 87 टक्के जणांनी बालपणी काही ना काही आघात सोसल्याचं आढळलं. यात आघाताची व्याख्या बरीच रुंद आहे, हे खरं. तरी आकडा मोठाच आहे. मेलबर्नच्या त्याच क्लिनिकमधल्या तरुणांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांमध्ये सायकोसिसकडे जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

इथे एक काळजी घेऊन बोलायला हवं. ‘आघातामुळे होतं’ म्हटलं की घरोघरी आयांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी एक कल्पना मांडली, आणि पुढची काही दशकं आजारी मुलांच्या आयांनी त्याचा दोष डोक्यावर वाहिला. ते चूक होतं. आज जे दिसतंय ते तसं नाही. बराचसा आघात घराबाहेर होतो: शाळेत, क्लासमध्ये, शेजारात, रस्त्यावर, आणि आपल्याकडे जातीवरून होणाऱ्या अपमानातही. आघात सोसलेल्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही. आणि आघात नसतानाही सायकोसिस होतो.

मग आघातापासून आवाजांपर्यंतची वाट कशी असते? त्या मुलाकडेच पाहू. दोन वर्षं रोज रात्री पावलांचा कानोसा घेत पडून राहिलेल्या मुलाचं शरीर सावध राहायला शिकतं. धोक्याची घंटा मग कायमचीच हलकी होते, जराशा खुट्टने वाजते. ताण वाढला की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं कामकाजही बदलतं, आणि एरवी ज्याकडे लक्षही गेलं नसतं अशा साध्या गोष्टी, एखादी नजर, एखादं हसू, फार अर्थपूर्ण वाटायला लागतात. दुसरी वाट विश्वासांची. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्यानेच घात केला, तर ‘माणसं घातकी असतात’ आणि ‘माझ्यातच काहीतरी घाण आहे’ हे दोन निष्कर्ष लहान मूल काढतं, आणि त्याच्या वयाला ते शहाणपणाचेच असतात. पुढे मेसमधल्या हसण्याचा अर्थ तो त्याच निष्कर्षांवरून लावतो.

तिसरी वाट आठवणीची, आणि उपचारांच्या दृष्टीने मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्या साध्या आठवणीवर पोस्टाच्या पाकिटासारखा तारखेचा शिक्का असतो. दहावीचा निकाल आठवला तरी तो आज लागतोय असं वाटत नाही. भयंकर भीतीच्या क्षणी बनलेल्या आठवणीवर तो शिक्का नीट उमटत नाही. तुकडे राहतात: एक वास, दाराचा आवाज, एक वाक्य. ते तुकडे न बोलावता येतात आणि आत्ताच घडत असल्यासारखे येतात. त्यातून काही जण त्या काळात ‘आपण इथे नाहीच’ असं करून, मनाने शरीराबाहेर पडून तग धरून राहिलेले असतात. अशा माणसाला ‘गप्प पड, कुणाला सांगितलंस तर बघ’ हे वाक्य दहा वर्षांनी जिन्यावर ऐकू आलं, तर ती जुनी आठवण आहे की बाहेरून आलेला आवाज, हे त्याने कसं ओळखावं?

सगळे आवाज असेच असतात असं नाही. पण नेदरलँड्समध्ये मारियस रोम आणि सँड्रा एशर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा आवाज काय म्हणतो हे ऐकून घेतलं की कितीतरी वेळा माणसाच्या आयुष्यातल्याच गोष्टीपाशी जाऊन पोचायला होतं, हे समोर आलं.

न विचारण्याची सवय

हे सगळं माहीत असून दवाखान्यात विचारलं जातं का? 1998 मध्ये अमेरिकेत किम म्यूझर यांच्या गटाने गंभीर मानसिक आजार असलेल्या 275 जणांची पाहणी केली. त्यांतल्या 98 टक्के लोकांनी आयुष्यात किमान एक आघात अनुभवलेला होता. 43 टक्के जणांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा तो छळवादी आजार, होता. आणि त्यांच्या केस पेपरवर पीटीएसडीची नोंद किती जणांची? 2 टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला वाईट वाटतं. इतकी माणसं वर्षानुवर्षं तपासायला येत राहिली आणि कुणी विचारलंच नाही. यात डॉक्टरांचा दुष्टपणा नव्हता. ओपीडीत वेळ नसतो. आवाज आणि भ्रम दिसले की त्यापुढे बाकी सगळं मागे पडतं. ‘तो सांगतोय ते खरं असेल का?’ ही शंका असते. आणि सगळ्यांत मोठी भीती अशी, की असं नाजूक मन उकरलं तर ते कोसळेल. या भीतीमुळे आघाताच्या उपचारांवर जे अभ्यास झाले, त्यांतूनही सायकोसिस असलेल्यांना वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं गेलं. मग त्यांच्यावर उपचार चालतात याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून उपचार नाहीत, असं ते चक्र फिरत राहिलं.

ते चक्र मोडायचं काम मुख्यतः डच लोकांनी केलं. डेव्हिड व्हान डेन बर्ग, मार्क व्हान डर गाग, अ‍ॅड दे योंग आदींनी नेदरलँड्समधल्या बाह्यरुग्ण विभागांतून 155 लोक निवडले. सगळ्यांना सायकोसिसचा आजार आणि जोडीला पीटीएसडी. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची तीन गटांत वाटणी झाली: एका गटाला ईएमडीआर, दुसऱ्याला प्रोलाँग्ड एक्स्पोजर (दोन्ही थेट आठवणीवर काम करणाऱ्या थेरपी, त्या कशा चालतात ते पुढे सांगतेच), तिसरा गट प्रतीक्षा यादीवर. नव्वद-नव्वद मिनिटांची आठ सत्रं. आधी महिनोन् महिने ‘मन घट्ट करण्याचा’ टप्पा ठेवला नाही, थेट आठवणीवर काम सुरू. 2015 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. उपचारांनंतर पीटीएसडीच्या निदानात न बसणारे लोक ईएमडीआर गटात 60 टक्के होते, एक्स्पोजर गटात सुमारे 57 टक्के आणि नुसते थांबलेल्यांत सुमारे 28 टक्के.

आणि ज्याची भीती होती ते? लक्षणं बिघडण्याचं प्रमाण उपचार घेणाऱ्यांमध्ये वाढलं नाही, उलट थांबलेल्या गटापेक्षा कमी राहिलं. पुन्हा कुणाच्या अत्याचाराला बळी पडण्याचं प्रमाणही कमी दिसलं. संशयी विचार दोन्ही उपचारांनी घटले. आवाज मात्र फारसे हलले नाहीत. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितेय, कारण ‘आघात बरा केला की आवाज जातील’ अशी आशा कुणी देत असेल तर ती पुराव्यावर उभी नाही. संशय, भीती, दुःस्वप्नं कमी होण्याची आशा पुराव्यावर उभी आहे, आणि ती काही थोडी नाही.

ब्रिटनमधल्या एका चाचणीने याची दुसरी बाजू दाखवली. तिथे क्रेग स्टील यांच्या गटाने 61 जण घेतले आणि त्यांतल्या एका गटाला असे उपचार दिले, ज्यात आघातातून आलेले विचार तपासून बदलायचे, पण खुद्द आठवणीत उतरायचं नाही. हे जास्त सुरक्षित वाटतं ना? पण नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. आठवणीला वळसा घालून जाता येत नाही, असा माझा त्यावरून समज झालाय. अर्थात एका छोट्या चाचणीवरून इतकंच म्हणता येतं.

उंबरठ्यावर असताना काय

डच चाचणीतल्या लोकांना सायकोसिस होऊन गेलेला होता. आपला मुलगा अजून अलीकडे आहे. त्याच्या टप्प्यावर ज्याचा पुरावा आज सगळ्यांत भक्कम आहे, ती साधी सीबीटी: विचार, भावना आणि वागणं यांची साखळी ओळखून ती सोडवायला शिकवणारी थेरपी. नेदरलँड्समध्येच 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षात सीबीटी घेतलेल्यांपैकी 10 जणांना, तर फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 22 जणांना सायकोसिस झाला. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना या टप्प्यावर सीबीटी द्या असंच सांगतात, आणि फक्त धोका टाळण्यासाठी म्हणून सायकोसिसची औषधं देऊ नका, असंही स्पष्ट सांगतात. सायकोसिस असलेल्यांमध्ये पीटीएसडी आहे का, हे तपासा, असंही त्याच सूचनांमध्ये आहे.

उंबरठ्यावरच्या लोकांसाठी खास आघातावरचे उपचार, हे काम मात्र नवं आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा लोकांना ईएमडीआर देता येईल का, ते त्यांना झेपेल का, हे पाहण्यासाठी छोटी चाचणी हाती घेतली. मँचेस्टरमध्ये वारेसे यांचा गट सायकोसिसच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांसोबत असंच काम करतो. मेलबर्नला सारा बेंडल यांचा गट तरुणांसोबत करतो. या तरुणांनी स्वतः काय सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. आघाताबद्दल बोलताना त्रास झाला, काहींची लक्षणं मध्येच वाढलीही, पण तरी हे करायला हवं होतं आणि उपयोग झाला, असं त्यांच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं पडलं. म्हणजे मध्येच त्रास वाढणं आणि उपचार फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर तिसऱ्या सत्रानंतर पोराचा चेहरा उतरलेला पाहून आईवडील थेरपी बंद करून टाकतात.

आघातावरच्या उपचारांनी पुढचा सायकोसिस टळतो असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा आज नाही. पण पीटीएसडी ही स्वतःच एक वेदना आहे. तिच्यावरचे उपचार मिळण्यासाठी माणसाने ‘माझा पुढचा आजार टळेल’ याची हमी का द्यावी लागावी?

त्या खोलीत काय होतं

पहिल्या भेटीत कुणी ‘चल, सांग सगळं’ असं म्हणत नाही. आधी ओळख होते. झोप कशी आहे, गांजा-दारू चालू आहे का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे विचारलं जातं. छळ आजही चालू आहे का, हे तर विचारायलाच हवं, कारण चालू असेल तर पहिलं काम माणसाला तिथून सुरक्षित बाहेर काढण्याचं असतं. आठवणींचं काम नंतर. मग दोघं मिळून एक आराखडा काढतात: लहानपणी काय झालं, त्यावरून मी काय शिकलो, आज जिन्यावर काय होतं, तेव्हा मी काय करतो. बऱ्याच जणांना इतक्यानेच हायसं वाटतं. ‘मी वेडा होत नाहीये, याला काहीतरी अर्थ आहे’ हे प्रथमच दिसतं.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही एडना फोआ यांनी विकसित केलेली पद्धत. यात माणूस डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगतो, ‘मी पलंगावर आहे, दार करकरतंय’ अशी, पुन्हा पुन्हा, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. ऐकताना वाटतं की हे कुणाला कसं सोसेल! पण आठवण टाळत राहिल्याने तिची भीती जिवंत राहते. तिच्यासमोर थांबून, काही वाईट न होता ती ओसरते हे अनुभवलं की तिचा जोर उतरतो. सोबत, टाळलेल्या पण प्रत्यक्षात धोका नसलेल्या जागी पायरीपायरीने परत जायचं असतं, जसं मेसमध्ये गर्दीच्या वेळी जेवणं.

ईएमडीआरची सुरुवात फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 मध्ये केली. माणूस त्या आठवणीतलं सगळ्यांत वाईट चित्र मनात धरतो, त्याने स्वतःबद्दल काय वाटतं ते वाक्य सांगतो, त्रास 0 ते 10 मध्ये किती ते सांगतो, आणि थेरपिस्टचं इकडून तिकडे जाणारं बोट डोळ्यांनी पाहत राहतो. मध्ये मध्ये थांबून ‘आता काय येतंय?’ एवढंच विचारलं जातं. खूप तपशील बोलून दाखवावा लागत नाही, म्हणून लाजेने जीभ अडकणाऱ्यांना हे सोपं जातं. डोळे हलवल्याने नेमकं काय होतं यावर वाद आहे. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की मनात एका वेळी मावणारी जागा मर्यादित असते. आठवण धरून ठेवणं आणि बोटाचा माग घेणं ही दोन कामं एकदम करताना चित्र फिकं पडतं आणि तसंच फिकं होऊन परत साठवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये पीटीएसडीसाठी आघातावरची सीबीटी आणि ईएमडीआर दोन्ही सुचवले.

आघातावरच्या सीबीटीत आठवणीतला सगळ्यांत जळता क्षण शोधतात आणि तेव्हा माहीत नसलेली, आज माहीत असलेली गोष्ट त्या क्षणात आणून बसवतात: ‘तू अकरा वर्षांचा होतास. ओरडला असतास तरी कुणी ऐकलं नसतं. यात तुझी चूक नव्हती.’ मग तेव्हा आणि आता यांतला फरक पाहायला शिकवतात. जिन्यावर हाक आली की थांबायचं, आजूबाजूला बघायचं: हा जिना वेगळा, मी वीस वर्षांचा, दार माझ्या हातात.

उंबरठ्यावरच्या माणसासाठी यात थोडे बदल करावे लागतात. वेग त्याच्या हातात ठेवायचा. थेरपिस्टबद्दलच संशय आला तर तो मोकळेपणी बोलायला जागा ठेवायची. रेकॉर्डिंगची भीती वाटत असेल तर रेकॉर्डिंग नको. सत्र संपताना त्याला परत वर्तमानात आणून, घरी कसा जाणार, रात्री कुणासोबत असणार हे ठरवूनच उठायचं. आणि चालू असलेली औषधं, डॉक्टरांनी दिलेली, मनाने बंद करायची नाहीत.

आपल्याकडे पाऊल कुठे टाकायचं

2001 च्या कच्छच्या भूकंपानंतर भूकंपग्रस्तांसाठी बाहेरून आलेल्या पथकांनी इथल्या समुपदेशकांना ईएमडीआर शिकवलं. आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ते शिकलेले लोक सापडतात. मात्र नुसती ईएमडीआरची पाटी पाहून जाऊ नका. उंबरठ्यावरच्या माणसासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडून नीट तपासणी व्हावी, आणि थेरपी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा तशाच तयारीच्या माणसाकडे व्हावी. सरळ विचारा: आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलंय का? भास होणाऱ्या रुग्णांसोबत काम केलंय का? संकोच नको, हा तुमचा हक्क आहे. तालुक्याच्या ठिकाणी काहीच हाताशी नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलते.

एक कायद्याची गोष्ट थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगायला हवी. अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही गुप्तता कुठे संपते ते मुलाला आधी माहीत असलं, तर काय आणि कधी सांगायचं ते तो ठरवू शकतो. विश्वासाने बोलल्यावर अचानक पोलीस दारात आले, तर ज्याचा एकदा घात झालाय त्याचा तो दुसरा घात ठरतो.

घरच्यांनी स्वतः आठवणी खणून काढायच्या नाहीत. ‘काय झालं होतं ते आत्ता सांग’ हा हट्ट नको. ‘तुला काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, आणि तुझ्यावर विश्वास ठेवेन’ एवढं म्हणणं पुरे. त्याने सांगितलंच, तर ‘इतकी वर्षं का बोलला नाहीस?’ हे तोंडातून जाऊ देऊ नका, आणि त्याला न विचारता मामा-काकांची बैठक बोलावू नका. आवाज ऐकू येतात म्हणाला, तर ते खोटं आहे म्हणून वाद घालू नका आणि हो ला हो ही करू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय’ हे खरंही आहे आणि आधाराचंही. त्याला मांत्रिकाकडे न्यायचा आग्रह नातेवाइकांतून होईल. जिथे मारहाण, उपास, बांधून ठेवणं आहे, तिथे पाय ठेवू नका. जुन्या आघातावर तो नवा आघात असतो.

आवाज मरायला किंवा मारायला सांगत असतील, त्याने दोन-तीन रात्री झोप घेतली नसेल, जेवणात विष आहे म्हणून खाणं सोडलं असेल, किंवा ‘असं असेल का?’ ही शंका संपून ‘असंच आहे’ ही खात्री झाली असेल, तर थेरपीच्या पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्यायचं, वाटेत त्याला एकटं सोडायचं नाही, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या परवानगीने एवढं सांगायचं, की याच्या लहानपणी काहीतरी घडलंय आणि त्याबद्दल बोलायला याला वेळ आणि माणूस लागेल.